जर्नलमध्ये खोडलेले उत्तर : बारावीच्या संगणकशास्त्रातील एक प्रकरण

पश्चिम महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या गावी असलेल्या कनिष्ठ महाविद्यालयात, बारावी विज्ञान शाखेतील एका विद्यार्थिनीला संगणकशास्त्राच्या जर्नलमधील एका प्रात्यक्षिकाचे उत्तर खोडून दुसरे लिहायला सांगण्यात आले. प्रात्यक्षिक होते दिलेल्या संख्येचे फॅक्टोरियल, म्हणजे १ पासून त्या संख्येपर्यंतच्या सर्व संख्यांचा गुणाकार, काढण्याचे. तिने संख्या घेतली ८, आणि पडद्यावर जे उमटले ते जसेच्या तसे उतरवले : उणे २५२१६. कागदावर गुणाकार केला तर ८ चे फॅक्टोरियल ४०३२० येते, हे अकरावीत क्रमचय आणि संचय शिकलेल्या कुणालाही ठाऊक असते. तरीही तिचा प्रोग्रॅम अचूक होता, त्यातील एकही ओळ बदलण्यासारखी नव्हती आणि संगणकही बिघडलेला नव्हता.

शेजारच्या गावात हाच विषय मी शिकवतो आणि त्या महाविद्यालयातील दोन्ही शिक्षक माझ्या परिचयाचे आहेत, त्यामुळे पुढे काय घडले ते मला दोघांकडूनही कळले आणि ते जर्नलही पाहता आले. विद्यार्थिनीची, शिक्षकांची आणि महाविद्यालयाची ओळख येथे दिलेली नाही. घटना किरकोळ वाटेल. पण अभ्यासक्रम जुना झाला, ८०८५ हा जुना प्रोसेसर काढून टाका, पायथॉन ही भाषा आणा, अशा नेहमीच्या चर्चेत जे निसटते, ते या एका उणे चिन्हात सापडते असे माझे मत झाले आहे.

विषय आणि त्याचे गुण

महाराष्ट्र राज्य मंडळाच्या बारावीत संगणकशास्त्र हा द्विलक्ष्यी व्यावसायिक विषय आहे. मुले त्याला ‘बायफोकल’ किंवा नुसते ‘सीएस’ म्हणतात आणि परीक्षेच्या कागदोपत्री त्याचा संकेतांक डी ९ असतो. विषय एक असला तरी तो २०० गुणांचा आहे. पहिली लेखी परीक्षा ५० गुणांची, दुसरी ५० गुणांची, आणि प्रत्येकीला जोडून ५० गुणांचे प्रात्यक्षिक. पहिल्या पेपरमध्ये ऑपरेटिंग सिस्टिम, डेटा स्ट्रक्चर, सी प्लस प्लस आणि एचटीएमएल. दुसऱ्यात ८०८५ हा मायक्रोप्रोसेसर, त्याची सूचनावली व प्रोग्रॅमिंग, त्यानंतरच्या एक्स ८६ कुळाची ओळख, मायक्रोकंट्रोलर आणि नेटवर्किंग.

हे २०० गुण कुठून येतात, यावर या विषयाची सारी गणिते अवलंबून असतात. इंग्रजी, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित यांच्या जोडीला संगणकशास्त्र घेणाऱ्याला दुसरी भाषा आणि जीवशास्त्र ही दोन्ही सोडावी लागतात. जीवशास्त्र गेले की वैद्यकीयचा सरळ रस्ता बंद होतो, आणि मराठी दहावीलाच थांबते. ज्याला दोन्ही दगडांवर पाय ठेवायचा असतो तो १०० गुणांचा माहिती तंत्रज्ञान हा विषय घेतो, कारण तो फक्त दुसऱ्या भाषेची जागा घेतो आणि जीवशास्त्र हातात राहते. बायफोकल घेणारे बहुधा अभियांत्रिकी ठरवून आलेले असतात. गंमत अशी की अभियांत्रिकीच्या प्रवेशासाठी राज्याची जी सीईटी द्यावी लागते तिच्यात त्यांना भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित एवढेच विचारले जाते. संगणकशास्त्रावर एकही प्रश्न नसतो. म्हणजे ज्या विषयासाठी भाषा सोडली, जादा शुल्क भरले, तो प्रवेशाच्या शर्यतीत मोजलाच जात नाही. तो मोजला जातो बारावीच्या टक्केवारीत, आणि तिथे तो फार उपयोगी पडतो. कारण २०० पैकी १०० गुण प्रात्यक्षिकांचे आहेत आणि लेखी प्रश्नांचा साचा वर्षानुवर्षे ठरून गेलेला आहे.

सीईटीच्या क्लासला दिवस वाहिलेल्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने मग संगणकशास्त्र हा ‘स्कोअरिंग’ विषय उरतो : प्रोग्रॅम पाठ करायचे, जर्नल वेळेवर सही करून घ्यायचे, फेब्रुवारीत बहिःस्थ परीक्षकासमोर ठरलेल्यांपैकी दोन प्रोग्रॅम उतरवायचे. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याने हिशेब बरोबर केलेला असतो.

या प्रकरणातील विद्यार्थिनी सेमी-इंग्रजी माध्यमातून आलेली, घरी संगणक नसलेली, पण मोबाइलवर कंपायलरचे, म्हणजे लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या साधनाचे, ॲप उतरवून प्रोग्रॅम चालवून पाहणारी. घोडे अडले ते या ॲपमुळेच.

उणे २५२१६

दिवाळीच्या सुटीआधीची प्रात्यक्षिके चालली होती. प्रयोगशाळेतील संगणकांवर टर्बो सी प्लस प्लस हे कंपायलर होते, निळ्या पडद्याचे, बोरलँड कंपनीचे; त्याची मूळ आवृत्ती १९९० ची. हा प्रोग्रॅम डॉसच्या काळातला, १६ बिटांचा (बिट म्हणजे ० किंवा १ मावणारे एक घर), त्यामुळे आजच्या ६४ बिटांच्या विंडोजवर तो थेट चालत नाही. डॉसबॉक्स नावाच्या प्रोग्रॅमच्या आत जुने डॉस उभे करून त्यात तो चालवावा लागतो. मुले कंट्रोल आणि एफ ९ दाबून प्रोग्रॅम चालवतात, ऑल्ट आणि एफ ५ दाबून उत्तर पाहतात आणि ते वहीत उतरवतात.

या विद्यार्थिनीने तोच प्रोग्रॅम आदल्या रात्री मोबाइलवर टंकला होता. तिथे तो मुळात चाललाच नाही. पहिल्याच ओळीतील ‘आयओस्ट्रीम डॉट एच’ ही हेडर फाइल (तयार सोयी प्रोग्रॅमला जोडून देणारी) सापडत नाही असे ॲपने सांगितले. सी प्लस प्लसचे पहिले आंतरराष्ट्रीय प्रमाण १९९८ मध्ये ठरले तेव्हा नावातले ‘डॉट एच’ गेले, आणि पुढे कंपायलरांनी जुनी हेडर फाइल ठेवणेही सोडून दिले. पुढे ‘व्हॉइड मेन’ चालत नाही, ‘क्लिअर स्क्रीन’ आणि ‘गेट कॅरेक्टर’ या टर्बोच्या खास सोयी माहीत नाहीत, अशा तक्रारी एकामागून एक आल्या. तिने इंटरनेटवर शोधून एकेक ओळ दुरुस्त केली आणि शेवटी ८ साठी उत्तर मिळवले, ४०३२०. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत तीच संख्या दिली तर उणे २५२१६.

पहिल्या पेपरचे प्रात्यक्षिक घेणाऱ्या मॅडमना तिने विचारले. त्यांचे उत्तर असे होते : “अगं, सातच्या पुढची संख्या घ्यायचीच नाही. पाच घे, एकशेवीस येतात, ते लिही आणि हे खोड.” तिने खोडले, १२० लिहिले, सही मिळाली.

मॅडमच्या बाजूने काही गोष्टी सांगितल्याच पाहिजेत. एक तर हे का घडते ते त्यांना पूर्ण माहीत होते. टर्बोमध्ये ‘इंट’ या पूर्णांकाच्या प्रकाराला १६ बिटे मिळतात आणि त्यात उणे ३२७६८ पासून अधिक ३२७६७ पर्यंतच्याच संख्या मावतात, हा तक्ता त्यांनी स्वतः फळ्यावर लिहून दिला होता आणि तो या विद्यार्थिनीच्या वहीतही होता. दुसरे असे की त्या तासिका तत्त्वावर काम करतात. जेवढे तास घेतले तेवढेच मानधन, आणि पुढच्या वर्षी बोलावणे येईल की नाही हे निकालावर ठरते. बहिःस्थ परीक्षक एकेका जर्नलवर अर्धा मिनिट नजर टाकतो. त्याला फॅक्टोरियलपुढे उणे संख्या दिसली तर तो कारण विचारीत बसेल की गुण कापील, याचा भरवसा नाही, आणि तो धोका मुलीच्या वतीने पत्करण्याचे त्यांना काही कारण नव्हते. शिवाय समोर पूर्ण बॅच, डॉसबॉक्समध्ये अडकलेले दोन संगणक, आणि दोन तासांत संपवायचे प्रात्यक्षिक.

हे सगळे मान्य करूनही एक गोष्ट उरते. वहीतला तक्ता आणि पडद्यावरचे उत्तर ही एकाच गोष्टीची दोन रूपे आहेत, हे त्या दिवशी वर्गात कुणीच म्हटले नाही. तक्ता लेखी परीक्षेसाठी होता आणि उत्तर जर्नलसाठी.

दुसऱ्या पेपरचा तास

त्याच आठवड्यात दुसऱ्या पेपरचे प्रात्यक्षिक होते. ते घेणारे सर इलेक्ट्रॉनिक्सचे, नोकरीत कायम, निवृत्तीकडे झुकलेले. त्यांच्याकडे ८०८५ ची किट्स आहेत : एका पाटीवर प्रोसेसर, थोडी मेमरी, सोळा आकड्यांची कळफलकपट्टी आणि लाल अंकांचा डिस्प्ले, ज्यात चार घरे पत्त्याची आणि दोन घरे त्या पत्त्यावरील आशयाची. प्रोग्रॅम आधी कागदावर लिहायचा, प्रत्येक सूचनेचा सोळाच्या पायावरील (० ते ९ आणि ए ते एफ अशा सोळा अंकांत लिहिलेला) संकेतांक तक्त्यातून शोधायचा आणि मग एकेक बाइट, म्हणजे आठ बिटे, हाताने भरायचा.

पहिली अडचण बहुतेकांना एकाच जागी येते. २०५० या पत्त्यावरची संख्या उचलायची असेल तर पहिली सूचना तीन बाइटांची होते : २१, ५०, २०. पत्त्याचा खालचा भाग आधी, वरचा नंतर. मुले सवयीने २१, २०, ५० असे भरतात. किट काहीही बोलत नाही. ते निमूटपणे ५०२० या पत्त्यावर जाते, तिथे जे असेल ते उचलते, बेरीज करते आणि तिथेच पुढे कुठेतरी ठेवून देते. विद्यार्थी २०५२ वर उत्तर शोधत बसतो आणि तिथे जुनाच आकडा असतो. टर्बोमध्ये चूक झाली की संगणक निदान ओळीचा क्रमांक तरी सांगतो; इथे सांगणारे कुणी नाही, म्हणून कागदावर परत जाऊन एकेक बाइट ताडून पाहावा लागतो. माझ्या अनुभवात बारावीच्या मुलांना प्रोग्रॅम खऱ्या अर्थाने वाचायला लावणारी हीच एक जागा आहे.

त्या दिवशीचे प्रात्यक्षिक होते दोन ८ बिटी संख्यांची बेरीज. सरांनी सोळाच्या पायावरील ९० आणि ८० या संख्या दिल्या. दशमान पद्धतीत त्या १४४ आणि १२८ होतात. बेरीज २७२, सोळाच्या पायावर ११०. डिस्प्लेवर आले नुसते १०. आठ बिटांत २५५ च्या पुढे मावत नाही, त्यामुळे हातचा बाहेर पडला आणि प्रोसेसरच्या फ्लॅग रजिस्टरमधल्या (हिशेबाच्या निकालाच्या खुणा ठेवणाऱ्या जागेतल्या) कॅरी या बिटात जाऊन बसला. तो तिथून उचलून दुसऱ्या रजिस्टरमध्ये मांडायच्या दोन-तीन सूचना वाढवल्या की उत्तर ०१ आणि १० असे दोन बाइटांत नीट मिळते. हे प्रात्यक्षिक दरवर्षी होते आणि दरवर्षी पुढच्या पानावर जाते.

या वेळी त्या विद्यार्थिनीने विचारले, “सर, टर्बोमधले उणे पण असेच येते का?”

सरांनी पहिल्या पेपरचे प्रात्यक्षिक कधी घेतलेले नव्हते, त्यामुळे प्रश्न काय आहे तेच त्यांना आधी समजून घ्यावे लागले. मग त्यांनी फळ्यावर ४०३२० सोळाच्या पायावर लिहायला सांगितले. उत्तर येते ९डी८०. बरोबर सोळा बिटे, म्हणजे संख्या मावली तर आहे. हातचा बाहेर गेलेला नाही. अडचण वेगळीच आहे. पहिला अंक ९, बिटांत लिहिला तर १००१, आणि चिन्हासहित संख्या ठेवायची असेल तेव्हा सर्वांत डावे बिट चिन्हाचे असते. ते १ असेल तर संख्या ऋण. सोळा बिटांत एकूण ६५५३६ वेगवेगळ्या संख्या मांडता येतात, म्हणून ४०३२० मधून ६५५३६ वजा केले की बाकी उरते उणे २५२१६, खोडलेल्या उत्तराशी तंतोतंत जुळणारे. ८०८५ च्या पाच फ्लॅगांपैकी साइन फ्लॅग हेच काम करतो, फक्त आठ बिटांवर : उत्तराचे डावे टोकाचे बिट १ असेल तर तो उभा राहतो. मुलांनी ‘साइन फ्लॅग म्हणजे काय’ याचे दोन ओळींचे उत्तर पाठ केलेलेच होते.

पुढचा भाग सरांनी ठरवून केलेला नव्हता, तो आपोआप वाढत गेला. ९ दिले तर टर्बो काय दाखवील? हिशेब केला : ३६२८८० मधून ६५५३६ पाच वेळा वजा केले की ३५२००, आणि तेही ३२७६७ च्या पुढे असल्याने उणे ३०३३६. पहिल्या पेपरच्या प्रयोगशाळेत एकाने जाऊन चालवून पाहिले, तेच आले. १० ला मात्र २४३२० आले, अधिक चिन्हाचे. खरे उत्तर ३६२८८०० आहे. उणे दिसले तर कुणालाही शंका येते. २४३२० पाहून कुणालाही आली नसती, आणि मॅडमनी ८ ऐवजी १० घ्यायला सांगितले असते तर ते जर्नलमध्ये बिनबोभाट सही होऊन गेले असते.

मोबाइलचे उत्तर

वर्गाचा ग्रह आता असा झाला की टर्बो जुने म्हणून चुकते आणि मोबाइल नवा म्हणून बरोबर. सरांनी मोबाइल कुठपर्यंत बरोबर आहे ते शोधायला सांगितले. १२ ला ४७९००१६००. १३ ला १९३२०५३५०४. एका मुलाने हे दुसरे उत्तर पाहताच चुकीचे म्हटले आणि त्याचे कारण कोणत्याही फ्लॅगशी संबंधित नव्हते : १० च्या फॅक्टोरियलपासून पुढे प्रत्येक उत्तराच्या शेवटी निदान दोन शून्ये असलीच पाहिजेत, कारण गुणाकारात २, ५ आणि १० हे अवयव आधीच येऊन गेलेले असतात, आणि इथे शेवट ०४ असा होता. याच कसोटीवर टर्बोचे २४३२० देखील नापास होते.

आजचे बहुतेक कंपायलर ‘इंट’ला ३२ बिटे देतात, म्हणजे २१४७४८३६४७ पर्यंतची सोय. १३ चे फॅक्टोरियल ६२२७०२०८०० आहे. ते मावत नाही, आणि त्यातून ४२९४९६७२९६ (३२ बिटांत मांडता येणाऱ्या एकूण संख्या) वजा होऊन जे उरते ते दहा अंकी, अधिक चिन्हाचे, दिसायला निर्धोक असते. फळ्यावर तेव्हा एक छोटी मालिका तयार झाली, जी माझ्या मते त्या वर्षातील सर्वांत मोलाची गोष्ट होती : चिन्हासहित ८ बिटांत ५ पर्यंतचे फॅक्टोरियल मावते, कारण १२० हे १२७ च्या आत आहे, १६ बिटांत ७ पर्यंतचे, ३२ बिटांत १२ पर्यंतचे, आणि ६४ बिटांत २० पर्यंतचे. बिटे दुप्पट होत जातात तरी मजल किती थोडी वाढते, हे पाहून फॅक्टोरियल किती वेगाने वाढते तेही त्यांना नव्याने कळले असावे.

त्या विद्यार्थिनीचा पुण्यातील चुलतभाऊ केंद्रीय मंडळाच्या बारावीत संगणकशास्त्र शिकत होता. तिकडे गेल्या दशकाच्या अखेरीस सी प्लस प्लस जाऊन पायथॉन आले. लेखी ७० गुण, प्रात्यक्षिक ३०, आणि पायथॉनखेरीज नेटवर्क आणि डेटाबेस. त्याने पायथॉनमध्ये १३ देऊन पाहिले, ६२२७०२०८०० आले. २५ दिले, तेही बरोबर आले. पायथॉन पूर्णांकाला लागेल तेवढी जागा वाढवून देतो, त्यामुळे तिथे हा प्रश्न उद्भवतच नाही.

अभ्यासक्रमांची तुलना करताना या जागी फार लवकर निष्कर्ष काढला जातो. पायथॉन शिकणाऱ्या भावाला योग्य उत्तर मिळाले, आणि कामाच्या दृष्टीने तो पुढेच आहे. डेटाबेसवर प्रश्न विचारायला तो बारावीतच शिकला, जे या मुलीला पुढे पदवीला शिकावे लागेल. पण संगणकातील संख्या आणि गणितातील संख्या या दोन वेगळ्या वस्तू आहेत हे त्याला कधी दिसले नाही. तिला दिसले, तेही अशा अभ्यासक्रमात की ज्याला सगळे कालबाह्य म्हणतात. मात्र ते अभ्यासक्रमाने दाखवले असे म्हणणे खोटे ठरेल. अभ्यासक्रमाने दोन पेपर शेजारी ठेवले होते. त्यांच्यामधली भिंत एका मुलीच्या प्रश्नाने आणि एका शिक्षकाच्या मोकळ्या तासाने त्या दिवसापुरती पडली.

काय जुने आणि किती जुने

८०८५ इंटेलने १९७६ मध्ये बाजारात आणला. हा विषय बदलावा असे म्हणणारा प्रत्येकजण याच आकड्यापासून सुरुवात करतो, आणि मला ती साप म्हणून भुई धोपटण्यासारखी वाटते. चाळीस पायांचा (पिनांचा) हा प्रोसेसर आज बारावीतला मुलगा पूर्णपणे समजून घेऊ शकतो : सोळा पत्त्याच्या तारा, म्हणून ६४ किलोबाइट मेमरी, आठ बिटांचा ॲक्युम्युलेटर (हिशेबाची मुख्य जागा), पाच फ्लॅग, गुणाकाराची सूचनाच नाही, म्हणून गुणाकार म्हणजे पुन्हा पुन्हा बेरीज हे स्वतः लिहावे लागते. आजच्या मोबाइलमधील प्रोसेसरबद्दल असे म्हणता येत नाही. शिकवण्यासाठी निवडलेली वस्तू जुनी आहे की नवी यापेक्षा ती आरपार दिसते की नाही हे महत्त्वाचे, आणि ८०८५ दिसतो.

टर्बोची गोष्ट निराळी. तिथे जुनेपणाचा काही शैक्षणिक फायदा नाही. १६ बिटांचा ‘इंट’ पाहायचा असेल तर कोणत्याही आधुनिक कंपायलरमध्ये ‘शॉर्ट’ हा प्रकार वापरून ८ चे फॅक्टोरियल उणे काढून दाखवता येते. याउलट ‘आयओस्ट्रीम डॉट एच’ आणि ‘व्हॉइड मेन’ पाठ करून गेलेला विद्यार्थी पदवीच्या पहिल्याच प्रात्यक्षिकात अडतो, आणि आपण शिकलो ते चुकीचे होते की हा संगणक वेगळा आहे हे त्याला सांगता येत नाही. ज्या मुलांकडे फक्त मोबाइल आहे त्यांच्यावर तर हा दुहेरी अन्याय होतो. वर्गातला प्रोग्रॅम घरी चालत नाही, आणि हळूहळू ती घरी चालवून पाहणे सोडून देतात. प्रचलित उत्तरसंचांत आणि गाइडांत प्रोग्रॅम जुन्या हेडरनेच सुरू होतात, म्हणून शिक्षक बदलत नाहीत. शिक्षक बदलत नाहीत म्हणून परीक्षकही तेच अपेक्षितात. एचटीएमएलचीही तीच गत आहे. २०१४ मध्ये एचटीएमएल ५ प्रमाण म्हणून जाहीर झाले तेव्हा ‘फॉन्ट’ आणि ‘सेंटर’ हे टॅग त्यातून वगळलेले होते, पण प्रात्यक्षिकाच्या वह्यांतून ते अजून वगळले गेलेले नाहीत.

लेखी परीक्षेबद्दल थोडक्यात. प्रत्येक पेपरमध्ये दहा गुणांचे पाच प्रश्न असतात आणि शेवटच्या प्रश्नात पाच-पाच गुणांचे प्रोग्रॅम. हे प्रोग्रॅम कागदावर लिहायचे असतात, त्यामुळे ते चालतात की नाही हे परीक्षक वाचून ठरवतो. फिबोनाची मालिका, बबल सॉर्ट, बायनरी सर्च, युक्लिडच्या रीतीने मसावि. मेमरीतील संख्यांच्या गटातून सर्वांत मोठी संख्या काढणे, गट एका जागेवरून दुसरीकडे हलवणे. एवढी यादी हाताशी असली की पुष्कळसे काम होते. ‘या प्रोग्रॅमला ही संख्या दिली तर काय छापले जाईल आणि का’ असा एकच प्रश्न दरवर्षी विचारला गेला, तरी टर्बोवर फॅक्टोरियलला फक्त ५ देण्याची पद्धत एका वर्षात मोडेल असे मला वाटते. फिबोनाचीचेच घ्या : ०, १, १, २ असे सुरू केलेल्या मालिकेत २८६५७ नंतरचे पद ४६३६८, आणि टर्बोत ते उणे १९१६८ होऊन छापले जाते. पण प्रात्यक्षिकात कुणी दहा पदांच्या पुढे जात नाही.

त्यानंतर

विद्यार्थिनीच्या जर्नलमध्ये १२० हेच उत्तर राहिले. सही झालेले पान पुन्हा उघडण्याची कुणाची इच्छा नव्हती आणि तिचीही नव्हती. फेब्रुवारीत तिला बबल सॉर्ट आला आणि किटवर सर्वांत मोठी संख्या शोधण्याचा प्रोग्रॅम. दोन्ही तिने सहज केले. तोंडी परीक्षेत परीक्षकांनी काही लघुरूपांचे विस्तार विचारले. बिटांबद्दल काही विचारले गेले नाही. ती आता संगणक अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षात आहे, आणि तिथे पहिल्या सत्रात सी भाषा शिकवताना हाच विषय निघाला तेव्हा वर्गात उत्तर तिने दिले, असे सरांनी मला अभिमानाने सांगितले.

मॅडम आणि सर यांच्यात मात्र यावर बोलणे झाले, आणि ते सुरुवातीला फारसे गोड नव्हते. आपण शिकवलेले चुकीचे ठरवले गेले असे मॅडमना वाटणे साहजिक होते. त्यातून निघालेला तोडगा दोघांनाही पटण्यासारखा होता : फॅक्टोरियलच्या प्रात्यक्षिकात आता ५, ८ आणि १० अशा तीन संख्या द्यायच्या, तिन्ही उत्तरे जशीच्या तशी लिहायची, खाली एका वाक्यात कारण लिहायचे आणि मग ‘इंट’ऐवजी ‘लाँग’ हा जास्त बिटांचा प्रकार घेऊन तोच प्रोग्रॅम पुन्हा चालवायचा. कारणाचे वाक्य असल्यामुळे परीक्षकाला उणे संख्या चूक म्हणून दिसत नाही. ८ बिटी बेरजेचे प्रात्यक्षिक त्याच आठवड्यात लावायचे, हेही ठरले. कंपायलर बदलण्यावर त्यांचे एकमत झालेले नाही. मॅडमचे म्हणणे, परीक्षक ज्यावर तपासणार त्यावरच सराव हवा. आणि ते आज तरी खोडून काढता येत नाही. त्यांनी एवढे केले आहे की प्रत्येक प्रोग्रॅमच्या वरच्या चार ओळींचे आजच्या प्रमाणातील रूप प्रयोगशाळेच्या भिंतीवर लावले आहे, म्हणजे मोबाइलवर चालवणाऱ्याला शोधत बसावे लागू नये.

किटांचा प्रश्न पुढे उभा आहे. काही किट्सच्या कळा दाबूनही लागत नाहीत, दुरुस्ती करणारे जवळपास कुणी नाही, आणि सर निवृत्त झाल्यावर दुसऱ्या पेपरसाठी पुन्हा तासिका तत्त्वावर कुणीतरी येईल. व्यवस्थापनाचा कल संगणकावर चालणाऱ्या ८०८५ च्या सिम्युलेटरकडे आहे. त्यात प्रत्येक सूचनेनंतर रजिस्टर आणि फ्लॅग समोर दिसतात, जे किटवर असे आपोआप दिसत नाहीत, आणि साइन फ्लॅग उभा राहताना पाहणे हे त्याची व्याख्या लिहिण्यापेक्षा केव्हाही चांगले. सरांचा विरोध एवढ्यासाठीच आहे की सिम्युलेटर सूचनांचे संकेतांक स्वतः बनवतो, त्यामुळे २१ नंतर ५० की २० हा प्रश्न मुलांना कधी पडणार नाही. निदान पहिली काही प्रात्यक्षिके चालू असलेल्या किटांवर हाताने करावीत आणि मग सिम्युलेटरकडे जावे, असा प्रस्ताव त्यांनी प्राचार्यांना लेखी दिला आहे. पुढील शैक्षणिक वर्षाच्या वेळापत्रकासोबत त्यावर निर्णय व्हायचा आहे.